आत्याचा तराफा

अशी कल्पना करा, की तुम्ही पाठीवर पडला आहात आणि खाली गादी नाही, पाणी आहे. कानांत पाणी शिरले आहे, त्यामुळे जगाचा सगळा गलका लांब गेला आहे. वर उंच छत, त्यातल्या काचांमधून झिरपणारा सकाळचा उजेड. पाय सैल सुटले आहेत. आणि तरीही तुम्हाला भीती वाटत नाही, कारण तुमच्या पाठीखाली कुणीतरी आहे. मोठे, मऊ, ऊबदार. ते श्वास घेते तेव्हा तुम्ही जरासे वर येता, सोडते तेव्हा जरासे खाली जाता. जमले? मग आता उठू नका, तसेच पडून राहा आणि पुढचे ऐका.

ते कुणीतरी म्हणजे आत्या. खरे तर ती एकाच मुलीची आत्या होती, पण ती मुलगी तलावावर सगळ्यांसमोर तिला आत्या म्हणे, म्हणून बाकीची पोरेही तेच म्हणू लागली. आपणही तेच म्हणू. लहान मुलांना पोहायला शिकवणे हे तिचे काम. तिचा देह एवढा मोठा होता, की ती पायऱ्या उतरून पाण्यात आली की कडेला पाणी उसळून फरशीवर यायचे आणि पोरे आनंदाने ओरडायची. तिच्या पाठीमागे तिला ‘तराफा’ म्हणायची. ते तिला माहीत होते. एकदा एका पोराच्या तोंडून चुकून समोरच निघाले आणि ते पोर लाजून लाल झाले, तेव्हा ती म्हणाली, “बरोबरच आहे की. चढ.”

तिची शिकवण्याची रीत तिची स्वतःची होती. पाण्याला घाबरणारे पोर आले की ती उथळ बाजूला स्वतः पाठीवर तरंगायची आणि पोराला आपल्या अंगावर उताणे निजवायची, डोके तिच्या खांद्यावर. मग दोघे छताकडे बघत गप्पा मारायचे. घरी मांजर आहे का, मोठा भाऊ मारतो का, असल्या. पोराचे अंग सैल पडले की गप्पा मारता मारता ती छातीतला श्वास सोडून द्यायची. कुणाला कळू नये इतक्या हळू. श्वास गेला की तिचे अंग चार बोटे खाली जायचे आणि ती अलगद बाजूला सरकायची. आता पोराच्या पाठीखाली फक्त पाणी असे, पण पोराला ते ठाऊक नसे. ते आपले मांजराचे सांगत असे. मग शेजारून आत्याचे डोके वर यायचे आणि ती विचारायची, “काय पाहुणे, बरं चाललंय ना?” त्या क्षणी पोराला कळायचे, की आपण केव्हाचे एकटेच तरंगतो आहोत. एकदा हे कळले की ते पोर पुन्हा कधी पाण्याला भ्यायचे नाही.

या रीतीने तिने कितीतरी पोरांना पाण्यात सोडले. फक्त एक सुटत नव्हती. तिची स्वतःची भाची.

धाकट्या भावाची ही मुलगी आत्याला अशी चिकटलेली असे, की घरात तिला गोचीडच म्हणत. आत्याने लग्न केले नव्हते, ती भावाकडेच राहायची, आणि गोचीड आत्याच्याच खोलीत झोपायची. पाण्यात ती तराफ्यावर निजायची, गप्पाही मारायची. पण आत्याने श्वास सोडायला सुरुवात केली की तिला तो तत्काळ कळायचा. बाकी कुणालाही न कळणारा तो श्वास हिला कसा कळतो, ते आत्याच्या लक्षात येत नव्हते. गोचीड गर्रकन वळायची आणि आत्याच्या गळ्याला मिठी मारून किंचाळायची. रोज. काठावर बसलेल्या आया हसायच्या.

आता त्या दिवसाकडे वळू, जिथून सगळे सुरू झाले.

त्या तलावाच्या उथळ बाजूला रुंद पायऱ्या होत्या आणि खोल बाजूला सरळसोट लोखंडी शिडी. आत्या नेहमी पायऱ्यांनीच बाहेर यायची. खोल पाण्यात कितीही पोहून आली, तरी वळसा घालून पायऱ्यांकडे यायची. गुडघे शिडीला कबूल नव्हते. वर्षातून एकदा तलावावरच्या शिक्षकांची परीक्षा असे: तळाशी टाकलेले वजन बुडी मारून आणायचे आणि ते घेऊन शिडीने वर चढायचे. व्यवस्थापक भला माणूस होता. आत्या वजन वर घेऊन आली की नेमका त्याला फोन यायचा आणि तो पाठ फिरवून बोलत राहायचा. आत्या पायऱ्यांनी बाहेर येईपर्यंत त्याचे बोलणे संपत नसे.

त्या दिवशी खोल बाजूला एका मोठ्या मुलीच्या पायात पेटका आला. आत्याच सगळ्यांत आधी पोहोचली. मुलीला धरले, तिचे तोंड पाण्याबाहेर ठेवले, शिडीशी आणले. आणि तिथेच अडकली. पहिल्या दांडीवर पाय ठेवला, पण गुडघा उचलेना. एका हातात मुलगी, एका हातात शिडी, अशी ती लटकून राहिली. दुसरे शिक्षक, ज्यांच्या तोंडातून शिट्टी कधी निघतच नसे, ते धावत आले आणि त्यांनी मुलीला वरून ओढून घेतले. मुलीला काही झाले नाही. सगळे म्हणाले, काही झाले नाही ना, मग झाले तर.

“सर तिथे होते म्हणून झालं नाही,” आत्या म्हणाली.

संध्याकाळी ती व्यवस्थापकाच्या खोलीत गेली आणि म्हणाली, पुढच्या परीक्षेला फोन घेऊ नका. तो चाचरला. म्हणाला, मी काय मुद्दाम घेतो का, येतो तो फोन. आत्या म्हणाली, या वेळी आला तर वाजू द्या. मी शिडीने वर आले तर शिकवीन, नाही आले तर तिकिटाच्या खिडकीवर बसवा.

घरी ही गोष्ट तिच्या आधीच पोहोचली होती. भावजय बरेच दिवस संधी शोधत होती. पोटाच्या ऑपरेशनने वजन उतरते, तिच्या ऑफिसातल्या एका बाईने करून घेतले होते, आणि त्या बाईचे आधीचे आणि नंतरचे असे दोन फोटो भावजयीच्या मोबाइलमध्ये होते. ते तिने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांत फिरवले. ताई, तुम्ही किती छान दिसाल, ती म्हणाली. तिच्या मनात वाईट काही नव्हते. पण काही लोकांचे चांगुलपण असे असते, की समोरच्याच्या अंगावर सांडते.

“मी आत्ताही बरी दिसते,” आत्या म्हणाली. “तलावावरच्या कुठल्याही पोराला विचार. त्यांना मी हत्तीएवढी आवडते.”

भाऊ म्हणाला, त्यापेक्षा खाणे कमी कर. खाणे कमी करण्यात आत्याची अर्धी हयात गेली होती. उकडलेले, कच्चे, नुसते पातळ, सगळे झाले होते. दर वेळी वजन उतरायचे आणि मग लांबच्या प्रवासाला गेलेल्या नातेवाइकासारखे परत यायचे, येताना आणखी दोघांना घेऊन. आत्याच्या म्हाताऱ्या आईला ऐकू कमी यायचे, तिला दोनदा सांगावे लागले. मग ती घाबरून म्हणाली, की चालत्याबोलत्या माणसाने आपल्या पायाने जाऊन पोट कापून घ्यायचे, हे कुठले शहाणपण. थोडक्यात, आत्याच्या पोटाबद्दल प्रत्येकाचे मत तयार होते.

गोचीड मात्र काही बोलली नाही. ती दुसऱ्या दिवशी बोलली, तलावावर, कपडे बदलायच्या खोलीत, केस पुसून घेताना.

“तू बारीक झालीस तर मी कशावर झोपू?”

“पाण्यावर. बाकीची झोपतात तशी.”

गोचिडीने टॉवेल तोंडावर ओढून घेतला. मग टॉवेलातूनच म्हणाली, “पण मग तू रात्री थांबणार नाहीस का?”

“काय थांबते मी?”

“श्वास. तू घोरतेस, मग एकदम थांबतेस. मग मी तुझा पाय ओढते. मग तू परत सुरू होतेस.”

आत्याचा टॉवेलाचा हात थांबला. तिने विचारले, हे कधीपासून. गोचीड म्हणाली, रोजच की. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. दात घासतो तसे हेही एक रोजचे काम, असे तिला वाटत असावे. आपण कुणाला बोललो नाही, कारण आत्याला घोरण्यावरून सगळे हसतात, हेही तिने सांगितले.

पाण्यात सोडलेला श्वास या पोरीला कसा कळतो, हे आत्याला त्या वेळी उमगले. ती रात्रंदिवस त्या श्वासावर कान ठेवून होती. तो थांबला की तिला घाबरायची सवय लागली होती.

मग आत्या डॉक्टरांकडे गेली. एकटीच. भावजय येते म्हणाली होती, पण आत्या म्हणाली, पोट माझे आहे.

डॉक्टर सरळ माणूस होता. तपासण्या झाल्यावर त्याने सांगितले, की साखर वाढलेली आहे, रक्तदाब वाढलेला आहे, आणि झोपेत श्वास अडतो ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मग ऑपरेशन समजावले. जठर म्हणजे पिशवी. तिचा मोठा भाग कापून काढायचा आणि उरलेली केळ्याएवढी नळी शिवून टाकायची. भूक कमी लागते, खाणे थोडक्यात संपते. साखर बऱ्याच जणांची खाली येते, श्वास सुधारतो, गुडघे हलके होतात, आयुष्यही वाढते असे दिसते. आत्याने विचारले, हे झाले पहिल्या वर्षाचे, पुढे काय? तेव्हा त्याने पुढचेही सांगितले. गोळ्या जन्मभर, त्या चुकवल्या तर रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात. काहींना छातीत जळजळ सुरू होते ती जात नाही. काहींचे वजन काही वर्षांनी पुन्हा चढू लागते. काहींना दुसरे ऑपरेशन करावे लागते. खाण्यावर ज्यांचे मन रमायचे, त्यांच्यातले काही उदास होतात. आणि काढलेले जठर परत बसवता येत नाही.

त्याच्या भिंतीवर बारीक झालेल्या लोकांचे हसरे फोटो होते. आत्याने विचारले, यातले किती जण दहा वर्षांपूर्वीचे आहेत? डॉक्टर म्हणाला, एकही नाही.

“मग मला अशा कुणाला तरी भेटवा, जिचं ऑपरेशन जुनं झालंय आणि जिचा फोटो तुम्ही लावला नाही.”

डॉक्टर जरा वेळ पेनाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, विचारून बघतो. आत्या उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. तिला खरे विचारायचे होते ते राहूनच गेले होते.

“आणि मी तरंगेन का?”

डॉक्टरला आधी हसू आले. पण ही गंमत नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून त्याच्या लक्षात आले. हा प्रश्न आजवर मला कुणी विचारला नव्हता, तो म्हणाला. तरंगाल. पण आत्ताएवढ्या नाही.

भेटायला मिळाली ती एक पडदे शिवणारी बाई. एका खोलीचे दुकान, त्यात शिवणयंत्र, कापडाचे गठ्ठे आणि छतापर्यंत टांगलेले पडदे. बाई धड जाडही नव्हती, धड बारीकही नव्हती. केस विरळ झाले होते. आत्या गेली तेव्हा तिची जेवणाची वेळ होती आणि ती चहाच्या चमच्याने भात खात होती. मध्येच चमचा ठेवून थांबायची, आतून परवानगी येण्याची वाट बघितल्यासारखी, आणि मग पुढचा घास घ्यायची.

तिने काही लपवले नाही. सुरुवातीला निम्मी झाले, ती म्हणाली. मग थोडे परत आले. घाईत खाल्ले की घाम फुटतो, इथे फरशीवर आडवी पडते, गिऱ्हाईक घाबरते. नवऱ्याबरोबर जेवायला बसण्यातली मजा गेली ती गेलीच. पण साखरेची सुई सुटली. जिना चढते. नातवाला कडेवर घेते.

आत्याने विचारले, पुन्हा वेळ आली तर कराल का?

“सोमवारी विचारलंत तर हो म्हणेन, शनिवारी विचारलंत तर नाही,” बाई म्हणाली. “आज बुधवार आहे. आज मला माहीत नाही.”

दोघी खूप हसल्या. मग बाईने एक पडदा हातात घेऊन कडेचा दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, डॉक्टर एक गोष्ट सांगत नाहीत. “डोळ्यांना कळतं की आपण बारीक झालो. अंगाला कळत नाही. मी अजून दारातून तिरकी होऊन जाते. ऑपरेशननंतर स्वतःला पहिला झगा शिवला, तर जुन्याच मापाचा बेतला. जन्मभर कापड कापलं मी, आणि माझंच माप चुकलं.”

आत्या परत येताना बसने आली नाही, चालत आली. गुडघे दुखत होते, तरी चालली. एका बाजूला शिडी होती आणि गोचिडीची झोप. दुसऱ्या बाजूला चमच्याचे जेवण, जन्माच्या गोळ्या, आणि तराफा. इतकी वर्षे लोकांनी ज्या देहाकडे बघून तोंडे वाकडी केली, त्या देहावर पोरे निर्धास्त झोपली होती. तो देह काही चूक नव्हता. चूक सुधारायला म्हणून तो कुणी कापणार असेल, तर तिने त्याला दारातून परत पाठवले असते. पण तो तिला शिडीवर लटकत ठेवू लागला होता आणि एका लहान मुलीला रात्रीची जागवू लागला होता, हेही खोटे नव्हते. दोन्ही खरे होते. मुलांनो, मोठ्यांचे निर्णय अवघड असतात ते यामुळेच. एक बाजू खोटी असती तर कुणीही झटक्यात ठरवले असते.

रविवारी जेवताना तिने सांगितले, ऑपरेशन करते आहे. भावजयीला आनंद झाला आणि ती कपड्यांचे काहीतरी बोलू लागली. आत्याने तिला थांबवले.

“आधी ऐकून घ्या सगळे. मी छान दिसायला जात नाहीये. जाड असणं हा काही गुन्हा नव्हता, त्यामुळे मी सुटायलाही जात नाहीये. मला शिडी चढायचीय आणि झोपेत श्वास घ्यायचाय. बस. पुढे वजन परत आलं, तर कुणी मला बोलायचं नाही. हाडं ठिसूळ झाली, तरी बोलायचं नाही. वीस वर्षांनी काय व्हायचंय ते माझं मी बघेन. पण बघायला मी असायला हवी.”

आई म्हणाली, काय म्हणाली ती? भावाने तिच्या कानाशी जाऊन सांगितले. आईने आत्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली. तिला दुसरे काही सुचले नाही.

तलावावर शिट्टीवाले सर म्हणाले, शेवटी सोपा रस्ता काढलात. आत्या म्हणाली, सोपा आहे ना, मग चला, बरोबरच जाऊ, तुमचेही पोट सुटले आहे. सरांनी शिट्टी तोंडात घातली ती संध्याकाळपर्यंत काढली नाही.

ऑपरेशन पार पडले. त्यानंतरचे महिने कसे गेले, ते थोडक्यात सांगतो, कारण ते जगायलाच लांब होते. पातळ पेज चमच्याने. मग मऊ भात चमच्याने. एकदा विसरून पाण्याचा मोठा घोट घेतला आणि मोरीत बसून रडली. न्हाणीघराच्या जाळीत केसांचे पुंजके अडकायचे. पोटाची आणि दंडांची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबू लागली. पण साखर उतरली. आणि घोरणे आधी हलके झाले, मग थांबले. गोचीड सुरुवातीला रात्री उठून नुसतीच बसायची, पाय ओढायला तयार. हळूहळू ती उठेनाशी झाली. सकाळी तिला हाका मारून उठवावे लागे. भावजय म्हणाली, ही एवढी झोपाळू कधी झाली?

आत्या तलावावर परतली तेव्हा दारातच एका आईने तिला अडवले. “अगं बाई, ओळखलंच नाही. आधी कशा होतात हो तुम्ही.”

“आधी मी तुमच्या दोन्ही मुलांना पोहायला शिकवलं,” आत्या म्हणाली. “तशी होते.”

परीक्षेच्या दिवशी व्यवस्थापकाने मोबाइल टेबलावर ठेवला आणि आत्याला तो ठेवलेला दिसेल असा ठेवला. तिने बुडी मारली, वजन आणले, आणि शिडी चढली. एकेका दांडीवर थांबत, पण चढली. सरांनी टाळ्या वाजवल्या. ती वजन पुन्हा पाण्यात टाकून खाली उतरली आणि पुन्हा चढली. पहिल्यांदा परीक्षेसाठी, दुसऱ्यांदा स्वतःसाठी. मग मात्र टॉवेल गुंडाळून बराच वेळ कुडकुडत बसली. तिला आजवर पाण्यात थंडी अशी कधी वाजली नव्हती. आता ओठ निळे व्हायचे, मुलांसारखे. तिने रबराचा पूर्ण बाह्यांचा पोशाख मागवला होता, तो अजून यायचा होता.

त्यानंतर दोन दिवसांनी तिने गोचिडीला पाण्यात घेतले.

आत्या नसताना भावजयीने मुलीला सरांकडे घालून पाहिले होते, पण गोचिडीने शिट्टी ऐकताच कठडा धरला तो सोडला नव्हता. आज ती आपणहून पायऱ्या उतरली. भावजय काठावर टॉवेल घेऊन बसली. आत्या नेहमीसारखी पाठीवर तरंगली, गोचीड नेहमीसारखी तिच्यावर निजली. तराफा पूर्वीपेक्षा अरुंद होता आणि खालची हाडे लागत होती, हे गोचिडीने बोलूनही दाखवले. पण छातीत श्वास भरलेला होता तोवर दोघी पाण्यावर होत्या. वर्गात कुणाचे कुणाशी भांडण झाले, कुणी कुणाची बाटली लपवली, असे बोलणे चालले होते. गोचिडीचे अंग सैल पडले. कधी नव्हे इतके सैल.

आणि आत्याने श्वास सोडला.

पूर्वी सोडायची तेवढाच. इतक्या वर्षांत अंगाला जेवढा ठाऊक होता तेवढाच. पण आता तो सोडल्यावर तिला वर धरणारे काही उरले नव्हते. चार बोटे खाली जायच्या ऐवजी ती गेलीच. पाय आधी गेले, मग कंबर, मग पाणी तिच्या तोंडावरून मिटले. कान भरले, नाकात झणका गेला. तिने पाण्याखाली डोळे उघडले.

वर, उजेडात, गोचीड होती. तिची पाठ पाण्यावर टेकलेली, हात पसरलेले, टाचा अधांतरी. आणि ओठ हलत होते. ती बोलत होती. बाटली लपवण्याची गोष्ट अजून चालू होती.

किती वेळ? तुम्ही दोनदा पापणी मिटाल तेवढा असेल. मग गोचिडीला पाठीखालचे रितेपण जाणवले. ती वळली, आत्या तिथे नव्हती. ती किंचाळली, आणि उघड्या तोंडात पाणी गेले. पाणी उथळच होते. आत्या पाय रोवून उभी राहिली, तिने पोरीला उचलून पायरीवर बसवले, पाठ थोपटली. दोघी खोकत होत्या. भावजय टॉवेल घेऊन धावत आली. आता नाही जमायचे ताई तुम्हाला, ती म्हणाली. आवाज घाबरलेला होता, म्हणून रागावल्यासारखा वाटला. आधी तुम्ही तशा होतात म्हणून जमत होते, उद्यापासून हिला सरांकडेच.

काठावरच्या सगळ्या आया बघत होत्या. सरांच्या तोंडातली शिट्टी खाली आली होती.

“जमायचं नाहीच,” आत्या म्हणाली. ती अजून कमरेइतक्या पाण्यात उभी होती आणि थंडीने तिचे दात वाजत होते, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा होता. “तराफा संपला. मीच संपवला, आणि मला त्याचं काही वाटत नाही असंही नाही. पण मला अजून शिकवता येतं.” मग ती गोचिडीकडे वळली. “मी बुडाले तेव्हा तू कुठे होतीस?”

“तुझ्यावर.”

“मी तर तळाला होते. तुला खालून बघत होते.”

गोचीड टॉवेलात नाक पुसत होती. ती थांबली. तिने आत्याकडे पाहिले, मग पाण्याकडे. आत्याच्या ओठांवर पुढचे सगळे वाक्य तयार होते. ती ते बोलली नाही. मुलांना काय सांगायचे, यापेक्षा काय सांगायचे नाही, हे शिकायला तिला जास्त वर्षे लागली होती.

भावजय म्हणाली, चल, कपडे बदल. गोचिडीने टॉवेल काढून आईच्या हातात दिला. ती पायऱ्या उतरली, छातीएवढ्या पाण्यात आली, आणि आत्या सवयीने पाठीवर व्हायला निघाली तेव्हा तिने तिच्या दंडाला धरून तिला थांबवले.

“तू बाजूला हो,” ती म्हणाली.

आत्या बाजूला झाली.

गोचिडीने एकदा मागे वळून पाठीखाली खरेच काही नाही ना, ते पाहून घेतले. मग छाती भरून श्वास घेतला, आणि पाठ टेकली.